भरल्या पोटाचा शब्द

शुक्रवारी संध्याकाळी हिल्डाने मटणाची पाई कापून एनिडच्या ताटात वाढली, आणि मग पेपर एका पानावर दुमडून व्हिनेगरच्या बाटलीला टेकवून तिच्यासमोर उभा केला. वाच, असं ती म्हणाली नाही. पहिला घास तोंडात असतानाच एनिडला आपलं नाव दिसलं. नटॉल, विल्फ्रेड, बेकर. सहा आठवड्यांपूर्वी आम्हांला सोडून गेले. आणि खाली, बर्नलीतल्या प्रत्येक मेलेल्या माणसाच्या खाली असते तीच ठरलेली ओळ: सॅडली मिस्ड, प्रेमळ पत्नी एनिड. नवऱ्याच्या आठवणीने मी खिन्न झाले आहे, असं तिने साऱ्या गावाला कळवलं होतं, आणि ते तिलाच ठाऊक नव्हतं. घास तिथेच थांबला. मटणाच्या तुकड्याला चरबीचा एक पांढरा पदर होता. तो जिभेवर गार होऊन मेणासारखा टाळूला चिकटायला लागला.

"हे तू दिलंस?" तिने घास गालात सारून विचारलं.

"मग कोण देणार?" हिल्डा म्हणाली. हिल्डा म्हणजे विल्फची थोरली बहीण, बहात्तर वर्षांची, हातात सदैव वाढायचं काहीतरी भांडं. "तुझी वाट बघत बसले असते तर ईस्टर उजाडला असता."

"मला विचारायचं तरी."

"विचारायचं काय त्यात डोंबल? सॅड नाहीयेस का तू?"

हे तिने सहजच विचारलं, पाईवर ग्रेव्ही ओतता ओतता. एनिडने चरबीसकट घास गिळला. तो घशातून खाली उतरताना तिला कळत राहिला, छातीपाशी, मग आणखी खाली, जणू कुणीतरी बोटाने ढकलत नेत होतं. हिल्डाचं पुढचं बोलणं सुरू झालंच होतं: विल्फच्या दगडावरही हीच ओळ घालू या, पाथरवट ग्रिमशॉचा फोन आला होता, सोमवार संध्याकाळपर्यंत त्याला मजकूर हवा आहे, आणि दफनभूमीच्या कचेरीतून जागेचा नंबर लिहून आणायला हवा. "तेवढं तरी तू कर. आणि ती कड टाकू नकोस, कडेतच चव असते."

एनिडने कडही खाल्ली.

सहा आठवडे सगळं गाव तिला तो शब्द भरवत होतं. सॅड म्हणजे दुःखी, उदास. बोलायला लागलेल्या पोरालाही येणारा शब्द. पण आता ती लोकांची तोंडं बघायला लागली होती. तो शब्द म्हणताना ओठ फाकतात, गाल पसरतात आणि शेवटी जीभ दातांमागे चपकन चिकटते. मऊ काहीतरी चावल्यासारखी. पाद्री तसा म्हणाला, शेजारीण तशी म्हणाली, पोस्टमन दारातून तसा म्हणाला. आणि म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हातात झाकलेलं भांडं. विल्फला त्यांनी हॅमच्या जेवणानिशी पुरला होता, म्हणजे बर्नलीच्या रीतीप्रमाणे कुणाला नाव ठेवायला जागा नाही असा. चर्चच्या हॉलमध्ये लांब टेबलावर गुलाबी हॅमच्या चकत्या ओल्या चकचकीत पसरल्या होत्या, काल रात्री सुरीने कापलेलं आज घाम सुटल्यासारखं ओलं झालेलं मांस, आणि विल्फच्या क्लबातली माणसं ते बोटांनी उचलत होती, बोटं चोखत होती आणि तिच्याजवळ येऊन ती चोखलेली बोटं तिच्या हातावर ठेवत होती. सॅड दिवस आहे, एनिड. तिचा हात नंतर घरी येईपर्यंत ओशट होता. तिने तो साबणाने धुतला, सोड्याने धुतला, तरी वास राहिला. मग त्या दिवसापासून दाराशी भांडी यायला लागली. कांद्यात शिजवलेली वजडी. डुकराच्या पाई, ज्यांच्या कवचाखाली मांसाभोवती राखाडी जेली थरथरते. तिने काहीही टाकलं नाही. टाकणं तिला जमतच नव्हतं. उभ्या उभ्या, स्वयंपाकघराच्या सिंकपाशी, ती सगळं खात राहिली. काळ्या स्कर्टचं बटण तिने दोनदा सरकवून लावलं. रात्री अंथरुणावर पडताना तिला आपल्या पोटाचं वजन वेगळं कळायचं, जणू ते तिचं नव्हतं, तिच्या शेजारी कुणीतरी आणून ठेवलं होतं.

पण ती सॅड होती का? हा प्रश्न तिने सोडून दिला असता, दुसऱ्या कुठल्याही बाईने सोडलाच असता. एनिडने मात्र सव्वीस वर्षं गिरणीत कापड तपासायचं काम केलं होतं. उताराच्या टेबलावरून ठाण ओढत न्यायचं, उत्तरेच्या खिडकीतल्या प्रकाशात एकेक यार्ड नजरेखालून घालायचा, जिथे धागा सुटलाय, गाठ आलीये, तेलाचा डाग आहे, तिथे खडूने खूण करायची. दोष असलेलं ठाण तिच्या हातून कधी पुढे गेलं नाही. विणणाऱ्या बाया तिला शिव्या घालत, त्यांची मजुरी कापली जाई, एकदा एकीने तिच्या डब्यात थुंकल्याचंही तिला नंतर कळलं होतं. तरी नाही. आणि आता तिच्या सहीनिशी एक वाक्य पेपरात गेलं होतं, सोमवारी ते दगडात जाणार होतं, आणि ते खरं की खोटं हे तिलाच सांगता येत नव्हतं.

विल्फ वाईट नव्हता. हेच तर अवघड होतं. विल्फने कधी हात उगारला नाही, दारू प्यायली ती फक्त शनिवारी, आणि चौतीस वर्षांत तिला एक दिवस उपाशी ठेवलं नाही. पहाटे उठून तो भट्टीवर जायचा, आणि सकाळी साडेसातला, ती गिरणीत निघायच्या आत, पुड्या घेऊन यायचा. गरम बन, लोण्याने भिजून पारदर्शक झालेला कागद. तो समोर बसायचा, कोपरं टेबलावर टेकून, हातांवरच्या केसांत पीठ. "खा, पोरी." ती खायची. तो तिचा जबडा बघायचा. शेवटचा घास संपेपर्यंत तो उठायचा नाही, आणि संपला की त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान यायचं, की जणू त्यानेच खाल्लं होतं. ताटात काही राहिलं तर बोलायचा नाही. फक्त त्या ताटाकडे बघत बसायचा, मारलेल्या कुत्र्यासारखा; मग दिवसभर, कधी दोन दिवस, घरात त्याचं ते न बोलणं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने हिशेब केला की ताट संपवणं सोपं आहे. तेव्हापासून ती संपवत आली. भूक ही काय चीज असते ते ती विसरून गेली. पोट मोकळं व्हायच्या आत पुढची पुडी हजर. त्याची बोटं तिला आठवत: जाड, पांढरी, नखांच्या कडांना वाळलेलं पीठ, आणि त्यांना डुकराच्या चरबीचा गोडसर वास. तीच बोटं रात्री तिच्या अंगावरून फिरत, दाबून बघत, पीठ मळून झालंय की नाही ते बघावं तशी. ती छताकडे बघत श्वास रोखून धरी. तिला वाटे, हा आता अंगठा रुतवेल आणि म्हणेल, झाली.

आणि सॅड हा शब्द विल्फ रोजच वापरायचा. तो पावाबद्दल. भट्टीतून काढलेला पाव फुगला नसेल, आत दडस आणि ओला राहिला असेल, तर तो बोटाने दाबून म्हणायचा, "सॅड झाला बघ." आणि फेकून द्यायचा. गावातले सगळेच तसं म्हणतात. शुक्रवारी मुद्दामच न फुगवता लाटलेला, मनुका घातलेला जो चपटा केक होतो, त्याला बर्नलीत सॅड केकच म्हणतात आणि लोक तो आवडीने खातात. लहानपणापासून एनिडला वाटायचं, पाव फुगला नाही म्हणून त्याला वाईट वाटतंय असं काहीसं असेल. पण शुक्रवारी रात्री, हिल्डाची पाई पोटात दगडासारखी घेऊन झोपलेली असताना, तिला वाटलं, पावाला कसलं वाईट वाटतंय? लोक असं बोलतात ते उगाच नाही. या शब्दाच्या पोटात काहीतरी आहे.

शनिवारी सकाळी ती गावातल्या वाचनालयात गेली. तिथला वृद्ध क्रॉशॉ तिला तोंडओळखीने माहीत होता, तो विल्फच्या दुकानातून दर बुधवारी अर्धा पाव न्यायचा. तिने शब्द सांगितला तेव्हा त्याने आधी चष्म्यावरून तिच्याकडे दयेने पाहिलं. "फार सॅड गोष्ट झाली, मिसेस नटॉल. आमच्या घरी हळहळले सगळे."

"ते असू द्या," एनिड म्हणाली. "मला तो शब्द बघायचाय. म्हणजे काय, कुठून आला, ते. मोठ्या पुस्तकात असेल ना?"

क्रॉशॉचा चेहरा एकदम बदलला. असलं काही त्याला वर्षभरात कुणी विचारलं नसावं. त्याने जाड शब्दकोश दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणला, पानं उलटली, आणि बोट ठेवून वाचता वाचता स्वतःशीच हसला. "अहो, हे बघा काय गंमत आहे. दुःखी हा अर्थ नंतरचा. पहिला अर्थ दिलाय: भरलेला."

"कशाने भरलेला?"

"अन्नाने. पोट भरलेला, खाऊन तुडुंब झालेला. हजार वर्षांपूर्वी कुणी सॅड आहे म्हटलं की त्याचं जेवण झालंय असा अर्थ. जर्मनांकडे अजून आहे की, युद्धानंतर मी तिकडे होतो, जेवण उरकलं की जवळजवळ हाच शब्द उच्चारून ताट सरकवायचे." त्याने बोट खाली सरकवलं. "मग बघा, इतका भरलेला की वीट आला. उबगलेला, नको झालेला. मग जड. मग घट्ट, न हलणारा. न हलणारा माणूस म्हणजे गंभीर, आणि गंभीर म्हणता म्हणता दुःखी. शेकडो वर्षं लागली असतील हे व्हायला. आणि आपला तो न फुगलेला पाव, तोही आहे इथे, उत्तरेकडची बोली म्हणून. तो जुन्याच अर्थाचा. जड, गच्च."

"म्हणजे आधी लोक दुःखी नव्हतेच?"

"असं कसं? होते की. त्याला वेगळे शब्द होते. हा नव्हता."

"हा फक्त पोटाचा."

"हा फक्त पोटाचा," क्रॉशॉ खुशीने म्हणाला. मग त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. "एक कप चहा घेता का? बिस्किटंही आहेत."

एनिडला हसू आलं. आधी नाकातून, मग आवाज करून. वर्तमानपत्रं वाचत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी मान वळवून बघितलं. पेपरातली ओळ खरी होती तर. बिनचूक खरी, एक धागा सुटलेला नव्हता. खाऊन खाऊन तुडुंब झालेली, वीट आलेली, प्रेमळ पत्नी एनिड. चौतीस वर्षं ती सॅड होती, तिच्याइतकं सॅड साऱ्या परगण्यात कुणी नव्हतं, आणि हा माणूस तिला हे सांगता सांगता बिस्किटं पुढे करत होता. तेवढ्यात तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ते पाणी खारट होतं. ती घाईने उठली. वाचनालयाच्या संडासात, हिरव्या फरशीवर गुडघे टेकून, तिने कालची पाई, सकाळचं डुकराच्या चरबीत तळलेलं अंडं, सगळं ओकून टाकलं. ओकून झाल्यावरही कोरडे उमासे येत राहिले. अजून काहीतरी बाहेर यायचं बाकी असल्यासारखी भांड्याच्या कडेला कपाळ टेकून ती वाट बघत राहिली. तेव्हा तिच्या नाकात जायफळाचा वास आला. तिथे जायफळ नव्हतं, तिथे फिनेल होतं आणि तिची स्वतःची आंबट घाण होती. तरी तो जायफळाचाच वास होता.

कस्टर्डच्या टार्टवर जायफळ किसून घालतात. बत्तीस वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात ती इस्पितळात होती. मूल नऊ महिन्यांचं भरलं होतं आणि मेलेलं जन्मलं. तिला दाखवलं नाही. तेव्हा दाखवत नसत. नर्सने टॉवेलात गुंडाळून काहीतरी झरझर बाहेर नेलं, आणि दाराच्या दोन झडपा मागेपुढे हलत हलत थांबल्या, एवढंच तिने पाहिलं. तीन दिवस तिच्या शेजारच्या खाटांवरची मुलं दूध पीत होती. तिची छातीही दुधाने टणक झाली होती, नर्सने ती पट्ट्यांनी करकचून बांधली, तरी दूध झिरपायचं, आंबायचं. आपल्याच अंगाला आपण नासल्याचा वास येतोय हे तिला कळायचं आणि तोंड फिरवायला जागा नसायची. तिसऱ्या दिवशी, भेटीच्या वेळेला, विल्फ आला. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून त्याने अख्खी टार्ट काढली, सहा जणांना पुरेल अशी. अंडी रेशनवर होती. कुणाकुणाच्या हातापाया पडून त्याने ती मिळवली होती कोण जाणे. पिवळंजर्द, वर तपकिरी ठिपके, आणि चमच्याने दाबलं की थलथलणारं. तिने विचारलं होतं. हे तिला आता, फरशीवर बसून, लख्ख आठवलं. तिने विचारलं होतं. "विल्फ, मुलगा होता की मुलगी?" आणि विल्फ म्हणाला होता, "आधी खाऊन घे, पोरी. मग सांगतो."

तिने खाल्लं. पूर्ण. चमच्यामागून चमचा, ती थंड, बुळबुळीत साय जिभेवरून घसरत होती, अंगात ताप होता, घशाशी येत होतं, ती परत गिळत होती, कारण संपल्यावर तो सांगणार होता. तो खाटेच्या कडेला बसून तिच्या तोंडाकडे बघत होता. शेवटचा तुकडा संपला. विल्फने खोकं नीट मिटलं, रुमालाने तिची हनुवटी पुसली, आणि म्हणाला, "आता बरं वाटेल." मग घंटा झाली, आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी तो मिठाच्या बिस्किटांचा डबा घेऊन आला. तिने पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा खावं लागलं असतं. खरं कारण तेवढंच होतं, आणि ते इतकं क्षुद्र होतं की तिने ते स्वतःपासूनही लपवून ठेवलं होतं.

रविवार तिने काही न खाता काढला. दाराशी कुणीतरी भांडं ठेवून गेलं, ते तिने आत घेतलं नाही.

सोमवारी ती बसने टेकडीवरच्या दफनभूमीत गेली. कचेरीत हीटर भपकत होता, आणि टेबलामागे केस सोनेरी रंगवलेली एक पंचविशीची बाई सँडविच खात बसली होती. अंड्याचं आणि क्रेसच्या पाल्याचं. एनिडने खिडकीबाहेर बघत विल्फचं नाव सांगितलं. बाईने बोटं पुसली, न पुसल्यासारखीच, आणि नावांची वही काढली.

"नटॉल, नटॉल. हं. विल्फ्रेड, सप्टेंबर. घ्या, लिहून देते नंबर." पेन चालता चालता थांबलं. "याच पानावर आणखी एक नटॉल आहे, जुनी नोंद. तुमच्यातलंच कुणी का? दगड एकत्र करायचा असेल तर आत्ताच सांगितलेलं बरं, नंतर ग्रिमशॉ कटकट करतो."

"कोण?"

"नाव नाही हो. एकोणपन्नास साल. सतरा नोव्हेंबर." ती बाई कडेच्या कपाटातून मोठं रजिस्टर घेऊन आली, ते उलगडताना धूळ उडाली. "मृतजात. मुलगी. भिंतीकडेची सामाईक जागा, चौदा जण आहेत त्या खड्ड्यात. हजर: वडील, डब्ल्यू. नटॉल. सकाळी अकरा." मग तिने वर पाहिलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात अंड्याचा पिवळा कण होता. "तुम्ही बसता का जरा?"

एनिड बसली नाही. तिने रजिस्टर फिरवून आपल्याकडे घेतलं. सही विल्फचीच होती. पावाच्या ऑर्डरी लिहिताना तो करायचा तसाच डब्ल्यूचा शेपटा. सकाळी अकरा. सतरा तारीख म्हणजे तो तिसरा दिवस, टार्टचा, आणि भेटीची वेळ दुपारी दोनची. म्हणजे तो इथून तिकडे आला होता. त्या दिवशी त्याने रविवारचा काळा कोट घातला होता हे तिला पहिल्यांदाच आठवलं. नर्सवर छाप पाडायला घातलाय असं तेव्हा तिला वाटलं होतं, आणि तिला त्याची शिसारी आली होती. तो या भिंतीपाशी उभा राहिला, मग बेकरीत गेला, टार्ट खोक्यात घातली आणि बस पकडून तिच्याकडे आला. आणि तिने विचारल्यावर म्हणाला, आधी खाऊन घे. तिला त्याची दया यायला हवी होती. आलीसुद्धा, क्षणभर, उबदार आणि चिकट. आणि त्या दयेला जायफळाचा वास होता, तिने ती थुंकून टाकावी तशी टाकली. सांगायचं होतं ना तुला? मग का नाही सांगितलंस? बत्तीस वर्षं माझ्यासमोर बसून माझा जबडा बघत होतास, तेव्हा तुझ्या तोंडात हे होतं?

ती भिंतीपाशी गेली. तिथे काही नव्हतं. गवताचा एक पट्टा, ओला, कडेला चिडवणीची झुडपं, कुणीतरी फेकलेली चिप्सची पिशवी. एनिडने पिशवी उचलली, ठेवायला जागा नव्हती म्हणून कोटाच्या खिशात कोंबली. चौदा जणांमधली कुठली, कुठल्या टोकाला, हे रजिस्टरात नव्हतं.

हिल्डाकडे ती पोहोचली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. दार उघडताच वाफ अंगावर आली. वजडी उकळत होती. "नंबर आणलास?" हिल्डाने विचारलं. "बस. चेहरा बघ कसा झालाय. आधी खाऊन घे, मग बोलू."

"नाही," एनिड म्हणाली. "आधी बोल. मुलगी होती हे तुला ठाऊक होतं?"

हिल्डाचा हात डावासकट हवेत राहिला. कुठली मुलगी असं तिने विचारलं नाही. तिने गॅस बारीक केला, मग बंदच केला, आणि खुर्चीत बसली. हातात काही नसलेली हिल्डा एनिडने पूर्वी कधी बघितली नव्हती. ते हात कुठे ठेवावेत तिला कळत नव्हतं.

"सांगितलं होतं त्याने," ती म्हणाली. "पुरायला निघाला त्याच सकाळी. छोटी पेटी दिली होती त्यांनी, मांडीवर घेऊन बसमधून गेला. मी येते म्हटलं, तर म्हणाला नको."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तूच कधी विचारलं नाहीस. विल्फ म्हणायचा, ती विचारेल तेव्हा सांगेन. तिला नको असेल ती गोष्ट तर कशाला उकरायची. जेवतेय ना नीट, म्हणजे बरी आहे ती." हिल्डाचा आवाज चढला. "आम्हांला काय स्वप्न पडणार होतं? ताट तर चाटूनपुसून साफ करायचीस!"

"मी विचारलं होतं, हिल्डा. एकदा."

"मग आणखी एकदा विचारायचं."

ते खरं होतं. बाहेर कोळशाची गाडी गेली. पातेल्यातल्या गार होणाऱ्या वजडीवर राखाडी तवंग धरत होता, दोघी तिकडेच बघत होत्या.

"कशी होती ती?" शेवटी एनिडने विचारलं. "केस होते? कुणासारखी दिसत होती?"

हिल्डाने मान हलवली. "मला ठाऊक नाही गं. मी पेटी पाहिली, तीही झाकलेली. आत बघितलं ते त्याने एकट्याने. इस्पितळात त्याने उघडायला लावली होती म्हणे."

"तू विचारलं नाहीस त्याला?"

"नाही." हिल्डाने एप्रनची कड तोंडावर धरली. "मी त्याला जेवायला वाढलं."

संध्याकाळी ग्रिमशॉचा फोन आला तेव्हा एनिड जिन्याखालच्या अंधारात उभी होती. तिने नंबर सांगितला. मग विल्फचं नाव, दोन तारखा. त्याखाली लिहा, म्हणाली, आणि त्यांची मुलगी, सतरा नोव्हेंबर एकोणीसशे एकोणपन्नास.

"मुलीचं नाव?"

"नाही."

पलीकडे पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज आला. "आणि शब्द कुठला घालू, मिसेस नटॉल? तुमच्या नणंदबाईंनी सॅडली मिस्ड सांगितलं होतं. लोक काहीतरी घालतातच. अगदी नावं आणि तारखा म्हणजे दगड उघडा दिसतो."

"काही नको."

"तुमची मर्जी."

तिने रिसीव्हर ठेवला, पण ती तिथेच उभी राहिली. तिथल्या खुंटीला विल्फचा कोट अजून होता, तिच्या नाकापासून वीतभर, पीठ आणि चरबी आणि म्हाताऱ्या माणसाचा घाम. तिने तो कोट दोन्ही हातांनी धरला आणि गदागदा हलवला, खांद्यांना धरून माणसाला हलवावं तसा, पुन्हा पुन्हा, खुंटी भिंतीतून उपटून येईपर्यंत. त्या पेटीत डोकावलेला एकच माणूस होता, आणि तो तिने सहा आठवड्यांपूर्वी, हॅमच्या जेवणानिशी, स्वतःच पुरून टाकला होता. विल्फ, ती म्हणाली. इस्पितळातल्या त्या दिवसानंतर तिने त्याला अशी हाक कधीच मारली नव्हती. विल्फ, केस होते का तिला?